वीज पिकते कोठे आणि जाते कोठे?

ज्वारी कोठे पिकते, ऊस कोठून येतो, दूध कोण घालते, हे आपल्या घरातले शाळकरी पोरही सांगेल. पण विहिरीवर खटका दाबला की मोटारीला जी वीज मिळते ती कोठून येते, असे विचारले तर जाणती माणसेही रोहित्राकडे, म्हणजे आपल्या डीपीकडे बोट दाखवतात. डीपीच्या पलीकडचे कोणी पाहिलेले नसते. बिल आले की तक्रार करायची आणि वीज गेली की वायरमनला शोधायचे, एवढाच बहुतेकांचा विजेशी संबंध.

शेतकरी बंधु-भगिनींनो, वीज हेही एक पीकच आहे. त्याला जमीन लागते, पाणी किंवा कोळसा लागतो, माणसांचे कष्ट लागतात. हे पीक ज्या गावात निघते त्या गावाचे रूप पालटते आणि ज्या शहरात ते जाते त्या शहराचेही नशीब पालटते. आपल्या राज्याची भरभराट या पिकावर झाली. मात्र शंभर वर्षे हे पीक बहुतेक वेळा एकाच्या रानात निघाले आणि दुसऱ्याच्या घरात गेले. आता सूर्याच्या विजेमुळे ते आपल्या शिवारात येऊ लागले आहे. अशा वेळी मागचा हिशेब एकदा नीट वाचून घ्यावा, म्हणजे पुढचा करार करताना डोळे उघडे राहतील.

घाटावरचे पाणी, मुंबईच्या गिरण्या

मुंबईच्या कापड गिरण्या पूर्वी कोळशावर चालत. हा कोळसा लांबून आणावा लागे, तो महाग पडे आणि त्याच्या धुराने शहर काळवंडे. लोणावळा-खंडाळ्याच्या घाटमाथ्यावर धो-धो पाऊस पडतो, तो तळ्यांत अडवून एकदम घाटाखाली सोडला तर त्या जोरावर वीज करता येईल, ही कल्पना टाटांनी अमलात आणली. १९१५ साली खोपोलीचे वीजघर सुरू झाले. पुढे भिवपुरी आणि भिरा येथे वीजघरे झाली. गिरण्यांना स्वस्त व भरवशाची वीज मिळाली आणि मुंबईची औद्योगिक भरभराट वाढत गेली. त्या गिरण्यांत कोकणातील, घाटावरील हजारो घरांतील कर्ती माणसे पोटाला लागली. गावाकडे मनीऑर्डरी येऊ लागल्या. हा लाभ खरा होता आणि तो मान्य केलाच पाहिजे.

त्याची दुसरी बाजू मुळशीने पाहिली. भिऱ्याच्या वीजघरासाठी पुणे जिल्ह्यातील मुळशीचे खोरे पाण्याखाली जायचे होते. भाताची उत्तम खाचरे आणि मावळ्यांची वडिलार्जित घरे त्यात जाणार होती. १९२१ साली तेथे सत्याग्रह उभा राहिला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ हे नाव याच लढ्याने दिले. तीन वर्षे लढा चालला. तरीही धरण झाले, खोरे बुडाले आणि १९२७ साली भिऱ्याची वीज सुरू झाली. उठलेल्या कुटुंबाला जमिनीच्या बदली जमीन द्यावी, असा कायदा त्या काळी नव्हता. पैसे घ्या आणि निघा, एवढाच व्यवहार. पैसे संपायला किती दिवस लागतात, हे ज्याने जमीन विकून पाहिली त्याला सांगावे लागत नाही.

कोयना : राज्याची भाग्यरेखा आणि तिचे मोल

स्वातंत्र्यानंतर सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात कोयना प्रकल्पाचे काम हाती घेतले गेले. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, त्याच साली वीज मंडळ स्थापन झाले आणि १९६२ साली कोयनेची पहिली वीज बाहेर पडली. नव्या राज्याला हा मोठाच आधार होता. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यातील कारखानदारी वाढली, पुढे खेडोपाडी तारा पोहोचल्या. टप्प्याटप्प्याने वाढत कोयनेची क्षमता आज सुमारे १,९६० मेगावॅट झाली आहे. सायंकाळी सगळीकडे दिवे लागतात आणि विजेची मागणी एकदम चढते. अशा वेळी काही मिनिटांत सुरू होणारी कोयनेची जनित्रे आजही राज्याच्या उपयोगी पडतात. कोळशाचे केंद्र इतक्या लवकर चालू-बंद करता येत नाही.

या विजेचे गणित शेतकऱ्याला समजेल असे मांडतो. शिवसागर जलाशयाचे पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटात नेऊन पोफळीच्या भूमिगत वीजघरावर सुमारे पावणेपाचशे मीटर खाली सोडतात. वरून एक हजार लिटर पाणी सोडले की साधारण एक युनिटभर वीज मिळते. आपली पाच अश्वशक्तीची मोटार तासाला सुमारे चार युनिट वीज खाते. आठ तास चालली की तीस-बत्तीस युनिट झाले. म्हणजे ही वीज कोयनेतून आली असेल तर त्या दिवशी तुमच्या मोटारीपायी तीस हजार लिटर, अर्थात दहा हजारी तीन टँकर पाणी घाट उतरून गेले.

घाट उतरलेले हे पाणी वाशिष्ठी नदीतून समुद्राला मिळते. ते कृष्णेकडे परत येत नाही. एरवी ते पूर्वेकडे वाहिले असते. म्हणूनच कृष्णा पाणीतंटा लवादाने कोयनेचे किती पाणी पश्चिमेकडे वळवावे यावर ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. धरणापासून पूर्वेला निघालो की माण, खटाव, आटपाडी, जत हे कायमचे दुष्काळी तालुके लागतात. या भागासाठी पुढे टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना झाल्या. कोयनेतून पूर्वेला सोडलेले पाणी कऱ्हाडला कृष्णेत मिळते आणि पुढे मोठमोठे पंप ते टप्प्याटप्प्याने माळावर चढवतात. एकच पाणी घाटाखाली सोडले तर वीज देते आणि दुष्काळी माळावर चढवायचे तर वीज खाते. विजेचे बिल थकले की उपसा बंद, हा अनुभव या भागाने अनेकदा घेतला आहे. वीज आणि पाणी यांचा हिशेब वेगवेगळ्या वह्यांत ठेवता येत नाही तो असा.

कोयनेसाठी जवळजवळ शंभर गावांना उठावे लागले. ही माणसे साताऱ्याच्या दुसऱ्या तालुक्यांपासून सांगली, सोलापूर, रायगड, ठाण्यापर्यंत विखुरली. डोंगरातील भात-नाचणीची शेती करणारा माणूस काळ्या कोरडवाहू रानात जाऊन पडला. भावकी तुटली, सोयरिकी लांब झाल्या, ग्रामदैवत पाण्याखाली गेले. त्यांच्या वेळीही पुनर्वसनाचा कायदा नव्हता. तो १९७६ साली झाला, म्हणजे कोयनेची वीज सुरू झाल्यानंतर चौदा वर्षांनी. आपल्या हक्काच्या जमिनीसाठी या कुटुंबांच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीला हेलपाटे घालावे लागले.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना भागात मोठा भूकंप झाला. सुमारे पावणेदोनशे माणसे दगावली, कोयनानगर व आसपासच्या वाड्यांतील घरे कोसळली. धरणाला तडे गेले, पण ते उभे राहिले. नंतर ते आणखी मजबूत करण्यात आले. त्या दिवशी कोयनेची वीज थांबली आणि त्याचा धक्का मुंबईच्या कारखान्यांनाही बसला. पाटण तालुक्यातील एका खोऱ्यावर केवढा भार आहे, हे तेव्हा शहरालाही कळले.

काळा कोळसा, पांढरी राख

पाण्याची वीज राज्याला पुरेना. मग कोळशाची केंद्रे उभी राहिली. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर ही त्यांतली मोठी. आजही राज्याच्या विजेचा मोठा भाग कोळशातूनच येतो. एका युनिटला साधारण पाऊण किलो कोळसा जळतो असे धरले, तर आपल्या पाच अश्वशक्तीच्या मोटारीच्या आठ तासांना बावीस-चोवीस किलो कोळसा लागतो. म्हणजे रोज जवळजवळ अर्धे पोते.

विदर्भातील गावांना यातून काय मिळाले? खाणीत आणि केंद्रात नोकऱ्या मिळाल्या, पगाराचा पैसा आला, बाजारपेठ वाढली, मुले शिकली. चंद्रपूर शहराचा विस्तार कोळसा आणि विजेनेच केला. त्याबरोबर धूर आणि राखही आली. आपल्या कोळशात राखेचे प्रमाण फार, त्यामुळे राखेचे मोठमोठे तलाव बांधावे लागतात. २०२२ च्या पावसाळ्यात नागपूरजवळ खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला आणि राख नाल्यांत व रानांत शिरली. दूर कोठेतरी थंड हवेचे यंत्र चालते त्याची राख अशी कोणाच्या तरी धुऱ्यावर पडत असते.

विजेने आपली शेती कशी पालटली

आता आपल्या घराकडे वळू. विजेमुळे मोट गेली. बैलांच्या जिवावर दिवसाकाठी जेमतेम अर्धा-पाऊण एकर भिजत असे. पंप आला तसा ऊस, द्राक्ष, डाळिंब, कांदा, केळी ही पिके वाढली. सहकारी साखर कारखाने, दूध संघ, गुऱ्हाळे, यंत्रमाग यांना वीज मिळाली आणि ग्रामीण भागात पैसा खेळू लागला. बायाबापड्यांचे पहाटेचे दळण थांबले, पिठाची गिरणी आली, नळाला पाणी आले. विजेने घरातील बाईचे जेवढे कष्ट वाचवले तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाने वाचवले असतील.

पण १९७० च्या दशकाच्या अखेरीस मीटरऐवजी अश्वशक्तीवर बिल घेण्याची पद्धत आली. मोटार तासभर चालवा की दिवसभर, पैसे तेवढेच. त्यामुळे मोजण्याची सवय मोडली. विहिरी खोल गेल्या, मग बोअर आले, मग बोअरही दोनशे-तीनशे फुटांच्या खाली गेले. पाणी जितके खोल तितकी मोटार मोठी आणि वीज जास्त. वीज मंडळाची थकबाकी वाढली, नव्या यंत्रणेला पैसा उरेना. शेतीची वीज स्वस्त ठेवण्यासाठी कारखान्यांना चढा दर लावावा लागला. आपल्याच मुलाला ज्या कारखान्यात नोकरी लागायची, त्याच्या मालाचा खर्च त्यामुळे वाढला. २००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण भागाने बारा-बारा तासांचे भारनियमन सोसले, ते याच सगळ्याचे फळ होते.

मोफत विजेचा प्रयोगही राज्याने दोनदा पाहिला. २००४ साली वीजबिल माफ झाले आणि पुढच्याच वर्षी ती सवलत मागे घेण्यात आली. २०२४ साली पुन्हा साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पाच वर्षांसाठी मोफत वीज जाहीर झाली. सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांसाठी ती होती. अडचणीतल्या शेतकऱ्याला याने दिलासा मिळतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र आपण जे बिल भरत नाही ते शासन आपल्यातर्फे वीज कंपनीला देते आणि तो पैसा शाळा, दवाखाने, रस्ते यांच्याच तिजोरीतून जातो. शिवाय वीज फुकट मिळाली तरी विहिरीतले पाणी फुकट भरून निघत नाही.

शिवारातले नवे पीक

रात्री अकरा वाजता वीज येणार म्हणून बॅटरी आणि काठी घेऊन रानात जायचे, साप-विंचवाचे भय, ऊसपट्ट्यात बिबट्याचे भय, आणि घरी माणूस परत येईपर्यंत बायको जागी. हे हाल कमी करण्याचा उपाय म्हणून २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. सुरुवात राळेगणसिद्धीपासून झाली. २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा मोठ्या प्रमाणावर हाती घेतला गेला आणि २०२४ साली वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे तीन मेगावॅटचा प्रकल्प सुरू झाला.

कल्पना सोपी आहे. गावाजवळच्या वीज उपकेंद्राच्या आसपास सौर पट्ट्या बसवायच्या आणि ती वीज तेथूनच शेतीच्या वाहिनीला द्यायची. वीज लांबून आणण्यातली गळती वाचते आणि शेतकऱ्याला दिवसा पाणी देता येते. एका मेगावॅटला साधारण चार-पाच एकर जागा लागते. वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला चार हजार युनिटच्या आसपास वीज मिळते. पाच अश्वशक्तीच्या सव्वाशे मोटारी आठ तास चालतील एवढी ती होते. ढगाळ दिवसांत ती घटते, पण तेव्हा पंपाची गरजही बहुधा कमी असते.

या योजनेत जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, म्हणजे एकरी सुमारे पन्नास हजार रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ ठरवण्यात आली. मुरमाड माळरानात बाजरी-मटकी घेणाऱ्याला एवढा निव्वळ पैसा सहसा सुटत नाही. त्यामुळे पडीक, उथळ जमिनीला हा पर्याय चांगला आहे. बारमाही बागायत जमीन मात्र यात गुंतवू नये. काळी माती तयार व्हायला हजारो वर्षे लागतात.

येथेच मुळशी आणि कोयनेची आठवण ठेवायची. त्या काळी माणसाला विचारले गेले नाही. आज ग्रामसभा आहे, करार आहे, सातबारा हातात आहे. पाटण तालुक्यातील वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या आल्या तेव्हा अनेकांनी माळाच्या जमिनी विकून टाकल्या. आता त्या माळावर वारा वीज करतो, पण मूळ मालकाचा त्यात वाटा नाही. भाड्याचा करार असता तर उत्पन्न चालू राहिले असते. आणि गायरान जमीन अशा प्रकल्पाला द्यायची असेल तर आणखी विचार करावा. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्याच्या शेळ्या-मेंढ्या त्याच गायरानावर जगतात. ग्रामसभेत आधी त्याला बोलू द्यावे. गावाची वीज झाली आणि गावातलाच गरीब उठला, तर मोठ्या धरणाची चूक आपण लहान प्रमाणात केली असे होईल.

साखर कारखान्यांच्या सभासदांसाठीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. एक टन ऊस गाळला की पावणेतीनशे ते तीनशे किलो बगॅस निघते. ते जाळून कारखाना स्वतःची वीज करतो आणि सहवीज प्रकल्प असेल तर उरलेली विकतो. तो बगॅस तुमच्या उसाचा असतो. वार्षिक सभेत चहा-पेढ्यापूर्वी त्या विजेचे उत्पन्न किती झाले, हे जरूर विचारावे.

करण्यासारख्या गोष्टी

१. जमीन भाड्याने देण्यापूर्वी करार मराठीत वाचून घ्यावा. तो पंचवीस वर्षे किंवा त्याहून अधिक काळाचा असतो. भाडे कोणत्या तारखेला जमा होणार, थकले तर काय, मुदत संपल्यावर लोखंड व काँक्रीट कोण काढणार, हे लिहून घ्यावे. तोंडी शब्दावर राहू नये.

२. सातबारावरील सर्व हिस्सेदारांची संमती आधी घ्यावी. भाड्याचे खाते पती-पत्नीच्या संयुक्त नावाने ठेवावे. दर महिन्याचा किराणा आणि मुलीची फी यांची काळजी जिला असते, तिला या पैशाची माहिती असलीच पाहिजे.

३. स्वतंत्र सौर पंप घ्यायचा असल्यास ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा दहा टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना पाच टक्के ठरवला आहे. अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्यावर साडेसात अश्वशक्तीचा पंप, असा नियम आहे. तरीही विहिरीची खोली आणि पाण्याची आवक पाहूनच पंप निवडावा. शेजाऱ्याने घेतला म्हणून घेऊ नये.

४. मोटारीला योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसवावा. वीज येताच मोटार आपोआप सुरू करणारा ऑटोस्विच काढून टाकावा. वाहिनी सुरू होताच साऱ्या मोटारी एकदम उचलतात आणि डीपी जळते. मग ऐन पाण्याच्या पाळीला आठ-पंधरा दिवस सारी वस्ती अडून बसते.

५. चांगल्या प्रतीचा फूटव्हॉल्व्ह आणि पुरेशा व्यासाचा पाइप वापरावा. अरुंद पाइप आणि नको तेथे दिलेले बाक वीज खातात, पाणी वाढवत नाहीत.

६. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दोरीला दगड बांधून विहिरीतील पाण्याची पातळी मोजावी आणि घरातल्या कॅलेंडरवर लिहावी. दिवसा मोफत वीज मिळू लागली की उपसा वाढतो. दोन वर्षांचे आकडे समोर असले की ऊस किती लावायचा आणि ठिबक केव्हा करायचे, हे कोणा अधिकाऱ्याने सांगण्याची गरज उरत नाही.

देशाची श्रीमंती विजेवर उभी असते हे खरेच आहे. खोपोलीच्या विजेने मुंबई मोठी केली, कोयनेने नवे राज्य उभे केले, विदर्भाच्या कोळशाने गावोगावी दिवे लावले. या प्रत्येक पिकामागे कोणाचे तरी खाचर, कोणाचे तरी घर, कोणाची तरी स्वच्छ हवा गेली आहे. ज्यांनी ते दिले त्यांची आठवण ठेवण्याचा एक सोपा मार्ग आपल्या हातात आहे. पिकाला जेवढे पाणी लागते तेवढेच द्यावे आणि भिजवण झाली की मोटार बंद करावी. आणि आता हे पीक आपल्याच शिवारात घ्यायचे ठरत असेल, तर पेरणीपूर्वी बियाणे पाहतो तितक्याच बारकाईने करार पाहावा. येत्या ग्रामसभेला घरातील दोघांनीही जावे आणि गावात सौर प्रकल्प येणार असेल तर तो कोणाच्या जमिनीवर, कोणाच्या संमतीने आणि कोणासाठी, हे तीन प्रश्न उभे राहून विचारावेत.